पहिलं रगत ज्याचं

ऐका रं पोरांनो. शेकोटीत दोन काटक्या टाका, जवळ सरका, आन् मधनंमधनं 'हं' म्हणत ऱ्हावा. गप बसला तर मला वाटायचं, ऐकणारं दुसरंच कुणी हाय.

आपल्या गावात सटवा व्हता. आन् त्याचा चुलतभाऊ बिरा. दोघं एका वयाचं, एका अंगणात वाढल्यालं. ल्हानपणी खेळताना बिराची विटी सटवाच्या कपाळाला बसली. भळाभळा रगत! खूण ऱ्हायली ती ऱ्हायलीच. तवापासनं बिरा सटवाच्या मनात सलत व्हता.

मोठेपणी दोघं शिकारी. ठासणीच्या बंदुका, आन् माळावर काळविटं. रीत एकच, पहिलं रगत ज्यानं काढलं, शिकार त्याची. रगत सांडलं तिथल्या गवताला गाठ मारायची. अंधार पडला तर घरी यायचं, उजाडल्यावर माग काढायचा. ती गाठ दुसऱ्यानं सोडायची न्हाय. मग जनावर कुणीबी पाडू दे, मुंडकं आन् शिंगं पहिल्याचीच.

बिराच्या दारावर शिंगंच शिंगं! सटवाची भिंत मोकळी. त्यात बायको म्हणायची, "बिरा भावजींचं दार कसं भरल्यावाणी दिसतंय." झालं! सटवाच्या पोटात आग. भाकर गोड लागंना.

पौषातली थंडी व्हती. उघडा माळ, वारं नुसतं हाडात शिरतंय. दिस मावळताना बिरानं थोरल्या काळविटाला गोळी घातली. जनावर पळालं. बिरानं गाठ मारली आन् घरी गेला. सटवा लांबनं बघत व्हता.

गाव निजलं. सटवा उठला. घोंगडी घेतली, बंदूक घेतली, निघाला. एकला! टिपूर चांदणं. गाठ घावली. बिरा डावखुरा, त्याची गाठ उलटी पडायची. सटवानं ती सोडली, आपली सुलटी मारली. म्हणाला, "आता बघतो कुणाचं दार भरतंय."

पुढं गेला, तर रगताचा डाग. डागावर गाठ! ना उलटी ना सुलटी. सोडली. पुढं आणिक एक. सोडली. पुढं आणिक!

अहो, त्या माळावर गाठ्या ऱ्हातो. आपली शिकार दुसऱ्यानं पळवली म्हणून झुरून मेल्याला शिकारी. सटवाला ठावं नव्हतं व्हय? ठावं व्हतं! पर हेवा माणसाला थांबू देत न्हाय. दगडाला ठेचकाळला, अंगठा फुटला, तरी गडी चाललाच.

समोर काळवीट उभं. सटवानं नेम धरला. ते सरकलं. परत धरला. परत सरकलं. मग मान वळवून त्यानं सटवाकडं बघितलं. आन् माणसावाणी खोकललं!

सटवा मागं फिरला. बघतो तर काय! आल्या वाटंवर त्याच्याच अंगठ्याचं रगत. आन् दर थेंबावर गवताची गाठ!

कळलं का, शिकार कोण व्हतं ते?

"रगत सांडलं, गाठ म्या मारली," मागनं आवाज आला. "शिकार माझी."

गवत पायाला गुंडाळाय लागलं. घोट्याला गाठ. गुडघ्याला गाठ. मनगटाला गाठ! बंदूक गळाली.

इकडं बायकोला जाग आली. खुंटीवर बंदूक न्हाय! ती पळत बिराच्या दारात. बिरा पलिता घेऊन धावला. वाटंत आपल्या उलट्या गाठीच्या जागी सुलटी गाठ बघितली आन् समदं उमजला. दुसरा असता तर तिथनंच माघारी गेला असता. ह्यो गेला न्हाय.

"सोड त्याला!" बिरा वरडला.

"गाठ बघ. शिकार माझी."

"रीत मोडू नगंस! ह्याचं पहिलं रगत म्या काढलंय. हे कपाळ बघ!" बिरानं पलिता सटवाच्या कपाळाजवळ धरला.

वारं थांबलं. मग एक खोकला आला, आन् लांब लांब गेला. एकेक गाठ सुटली. रीत भुतालाबी मोडता येत न्हाय, बाबांनो.

बिरानं भावाला खांद्याचा आधार देऊन आणलं. निम्म्या वाटंत सटवा रडाय लागला. म्हणाला, "म्हंजी मीबी तुझीच शिकार!"

"व्हय," बिरा म्हणाला. "पर तुझं मुंडकं आसू दे तुझ्याच खांद्यावर."

तर ऐका. त्या माळाच्या वाटंनं रातीचं जाऊ नगा. गवताची गाठ दिसली तर सोडू नगा. आन् चुकून गेलाच, पाय फुटला, मागं कुणी खोकललं, तर भावाला हाक मारा. भांडण असलं तरी मारा.