टेकडी आपल्या जागीच होती

...आणि वर म्हणतात, बुटात चेहरा दिसला पाहिजे! आता तुम्हीच सांगा, पहाटे पाच वाजता, केस न विंचरता, डोळे अर्धे मिटलेले असताना स्वतःचा चेहरा बघायची हौस कुणाला असते हो? आणि तोही बुटात! पण नाही, आमचे ड्रिलमास्तर येणार, हात मागे बांधून वाकणार, डॉक्टर जीभ बघतात तसे माझे बूट बघणार आणि म्हणणार, "हं... ढग दिसतायत. पाऊस पडणार वाटतं." रोज! वर्षभर! तक्रार नाही हं माझी. फॉर्मवर सही मीच केली होती, कुणी बळजबरी केली नव्हती... पण सांगायचंसुद्धा नाही का माणसाने?

तर मी विद्यापीठात भूगोल शिकते, आणि शिकता शिकता सैन्यातली अधिकारी व्हायचं प्रशिक्षणही घेते. ऐकायला किती झकास वाटतं ना? मलाही वाटलं होतं! पहाटे मैदान, दिवसभर वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान, आणि अभ्यास? अभ्यास बसमध्ये! उभ्याने! आणि मग होतं काय, सगळं एकमेकांत मिसळतं. परवा आमच्या सरांनी वर्गात हजेरी घेतली, सर म्हणजे अगदी हळुवार माणूस, खडूसुद्धा दुखेल म्हणून जपून धरतात, त्यांनी माझा नंबर पुकारला आणि मी ताडकन उभी राहून, छाती पुढे काढून, "हजर, सर!!" सरांचा चष्मा नाकावरून खाली! म्हणाले, "अहो बाई, ऐकू येतं मला अजून." घरी गेले तर आई दारात उभी राहून बघत बसते. "अगं, भाजी आणायला चाललीस की मुलूख जिंकायला? हात किती हलवशील!" तक्रार नाही हं माझी, आईच ती, बोलणारच.

पण खरी गंमत झाली वर्षाच्या शेवटी. आमची परीक्षा! सातजणांची एक तुकडी, हातात एक नकाशा, एक होकायंत्र, आणि समोर नुसतं माळरान. चार ठिकाणी चार झेंडे रोवलेत, ते शोधायचे आणि दहाच्या आत परत यायचं. तुकडीच्या म्होरक्याला जमलं तर तो पुढच्या वर्षात, नाही तर गणवेश परत, बूट परत, राम राम! आणि त्याच दिवशी बारा वाजता माझी भूगोलाची तोंडी परीक्षा! आमच्या कॅप्टनबाई कधी ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं! त्या नुसत्या बघतात. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भूगोल शिकतेस ना? मग तूच म्होरकी."

झालं! तुकडीत आनंदीआनंद! आमच्यातला लंबू म्हणतो, "भूगोलवाली आहे आपल्याकडे, डोळे मिटून चला रे!" आणि मेले खरंच डोळे मिटून चालले की हो!

पहिला झेंडा सापडला वीस मिनिटांत. दुसरा त्याहून लवकर. मग काय, मी जमिनीपासून दोन बोटं वरून चालायला लागले! आणि तिसऱ्या, टेकडीजवळच्या झेंड्याकडे वळलो तर लंबू हळूच म्हणाला, "अगं, ती टेकडी उजवीकडे आहे."

"नकाशात डावीकडे आहे."

"पण टेकडी तर..."

"टेकडी चुकली असेल!"

असं मी म्हणाले. मोठ्याने! सहाजणांनी ऐकलं! टेकडी चुकली असेल! लाखो वर्षं एका जागी बसलेली बिचारी टेकडी, मला सोयीचं जावं म्हणून सकाळी उठून पलीकडे गेली असेल!

मग तासभर आम्ही काट्याकुट्यातून... विचारू नका! तेवढ्यात एक घर आलं, अंगणात एक मावशी चादरी वाळत घालत होत्या. "वाट चुकलात का गं बाळांनो?" मी ताठ मानेने सांगितलं, "नाही मावशी, सराव चाललाय आमचा." त्या म्हणाल्या, "असेल बाई. माझ्या अंगणातून तिसऱ्यांदा चाललाय म्हणून विचारलं."

तिसऱ्यांदा!

लंबू कानाशी येऊन म्हणतो, "ओढ्याला पाणी होतं म्हणून उशीर झाला, असं सांगू. सगळे एकच सांगू." आणि खरं सांगू का, मोह झाला मला. झालाच! पण मागे वळून बघितलं, तर आमचा चष्मेवाला, जो सकाळपासून अक्षर बोलला नव्हता, दगडावर बसून बूट काढत होता, आणि मोजा टाचेपाशी लाल झालेला. तो तसाच चालत होता माझ्यामागे. तासभर! मी सांगतेय म्हणून!

मी खाली बसले मातीत. म्हटलं, "चुकलं. माझं चुकलं. टेकडी आपल्या जागीच आहे, मीच नाहीये. आपण ओढे किती ओलांडले, कुणाला आठवतंय?"

चष्मेवाला म्हणाला, "दोन. पहिला कोरडा होता, तू तो धरलाच नाहीस."

"अरे मग तेव्हाच बोलायचं नाही का!"

"तुला इतकी खात्री होती..."

तुम्हाला सांगते, ड्रिलमास्तरांनी वर्षभरात मला जेवढं सुनावलं ना, त्या सगळ्याहून हे चार शब्द जड गेले.

मग त्याची पिशवी माझ्या पाठीवर, नकाशा त्याच्या हातात, तिसरा झेंडा, चौथा झेंडा, आणि परत आलो तेव्हा अकरा वाजलेले. एक तास उशीर! कॅप्टनबाईंनी विचारलं, "का?" लंबूने ओढ्यासाठी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मी म्हणाले, "वाट मी चुकवली, मॅडम. सांगणाऱ्याचं ऐकलं नाही. यांचा काही दोष नाही." त्यांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं! मग म्हणाल्या, "पळ, तोंडी परीक्षा आहे ना तुझी?"

पळाले! तशीच, चिखलाच्या बुटांनी! सरांच्या खोलीत स्वच्छ फरशीवर माझी पावलं दारापासून खुर्चीपर्यंत उमटलेली. सरांनी चष्मा सावरून खाली बघितलं. मला वाटलं, गेलं हेही वर्ष! तर हळूच म्हणतात, "ही माती कुठली हो?" आणि मी जी सुटले! कोरडा ओढा, ओला ओढा, उतार कुठला, पाणी कुठून कुठे गेलं असेल... आज सकाळीच पायांनी मोजलं होतं ना सगळं! वीस मिनिटं! सर म्हणाले, "पुरे. जाताना तेवढी फरशी पुसून जा." गुण? वर्गात सगळ्यात जास्त!

आणि संध्याकाळी मैदानावरच्या फळ्यावर यादी लागली. माझा नंबर होता! पुढच्या वर्षात! शेजारी कॅप्टनबाईंचा शेरा, "चूक कबूल करते. उशिरा, पण करते." तक्रार नाही हं माझी, हा शेरा मी दोनदा वहीत उतरवून घेतला. चष्मेवाल्याने टाळी दिली, लंबूने मला उचललं, मी पहिल्यांदाच मैदानावर मनसोक्त हसले, आणि मागून कॅप्टनबाईंचा तो शांत आवाज आला, "इकडे ये जरा."

"नवीन तुकडी येतेय, चाळीसजण. त्यांना नकाशा शिकवायला तुझं नाव घातलंय."

"मॅडम, मी? मी तर सकाळीच हरवले होते!"

"म्हणूनच. माणूस कुठे हरवतो ते तुलाच नीट माहीत आहे."

"कधी, मॅडम?" म्हटलं, तर म्हणाल्या, "रविवारी. सकाळी सहाला." आठवड्यात झोपायला म्हणून एक वार उरला होता हो माझ्याकडे... तोही मी आनंदाने देऊन बसले!