गेटाबाहेरचा हवालदार

साल चौऱ्याहत्तर. सांगलीच्या एसटी स्टँडवर रांगेत माझ्यापुढे दोघे होते: फौजेतून निवृत्त झालेले जोतिबा हवालदार आणि त्यांचा दोस्त केरू.

"मॅट्रिकचं काय झालं रं, जोतिबा?"

"इंग्रजीत उडालो. कारखान्यातली कारकुनी गेली."

"पंधरा वर्सं फौजेत इंग्रजी ऐकलंस की!"

"त्यानंच घात केला. वाक्यात जागा दावनारं शब्द वळखून खाली रेघ मारायची हुती. पैलंच वाक्य, 'वेट आउटसाइड द गेट.'"

"मग?"

"ताडकन उठलो आन् गेटाभायेर जाऊन हुबा ऱ्हायलो."

"पेपर टाकून?"

"घंटा वाजंपातुर. मागं फिरायचा हुकूम कुनी दिलाच न्हाई, गड्या."

"म्हंजी तुला वाक्य कळलंच न्हाई."

"कळलं न्हाई कसं? त्या खोलीत कळलेला मी एकटाच. बाकीच्यांनी नुसत्या रेघा मारल्या. समदी पास झाली."