किल्ली अडकली? घाबरू नका!

...आणि वर हे जावईबापू मलाच म्हणतात, "मामा, तुमचं एकच चुकलं, तुम्ही लेख फार चांगला लिहिलात!" आता याला काय म्हणायचं? तुम्हीच सांगा! बत्तीस वर्षं मी कुलूपकिल्ल्यांच्या दुकानात बसलोय, बत्तीस वर्षं हातात कानस आणि बोटांना पितळेचा वास. उशीर केला म्हणून बोलणी खाल्ली, किल्ली घट्ट झाली म्हणून खाल्ली, पण काम चांगलं केलं म्हणून दुकानावर गदा... हे म्हणजे आक्रीतच की हो!

जावईबापू म्हणजे माझ्या भाचीचे यजमान. वेबसाईटवाले. नवशिक्यांना वेबसाईट कशी उभी करायची ते शिकवतात. आणि जावयाला 'नको' म्हणायची सोय असते का कधी? जावई म्हणाला विहिरीत उडी मारा, तर आपण फक्त विचारायचं, कुठल्या बाजूने मारू?

मुळात ही वेळ आणली मेहुण्याने. दुकानाची जागा त्याची, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या भावाची. एक दिवस आला, बसला नाही, उभ्याउभ्याच म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका हं, पण तुम्ही दिवसभर इथे माश्या मारता, आणि हल्ली तर माश्याही येत नाहीत. सहा महिने बघू. गिऱ्हाईक वाढलं तर ठीक, नाहीतर मी इथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकतो." कव्हरांचं! माझ्या दुकानात! तुम्हाला सांगतो, मला दुसरं काही येतच नाही हो. कुलूप सोडून मला फक्त चहा करता येतो, आणि बायकोच्या मते तोही येत नाही.

मग काय, जावईबापू लॅपटॉप घेऊन हजर. "मामा, एकदम सोप्पं! लोक हल्ली दुकान रस्त्यावर शोधत नाहीत, फोनवर शोधतात. आणि शोधलं की आपण पहिल्या पानावर यायला पाहिजे!" बस्स! तेव्हापासून हे वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. दात घासताना पहिलं पान, जेवताना पहिलं पान, डोळा लागतोय तोवर कानात, पहिल्या पानावर यायला पाहिजे!

मी म्हटलं, सांगा, काय लिहू? आणि झोकात लिहिलं, 'विश्वासार्ह सेवेची उज्ज्वल परंपरा.' जावईबापू हसले. म्हणाले, "मामा, माणूस दाराबाहेर टॉवेल गुंडाळून उभा आहे, किल्ली आत राहिली आहे, तो काय 'उज्ज्वल परंपरा' शोधेल? तो लिहील, 'किल्ली आत राहिली काय करू.' लोक जे शब्द शोधतात, ते आपल्या पानावर हवेत!" पटलं मला. म्हटलं, शब्दच हवेत ना? घ्या शब्द! बायकोने मोठ्याने वाचायला घेतलं, "आमच्या कुलुपाच्या दुकानात कुलूपवाला तुमचं कुलूप कुलूप न तोडता कुलूप..." आणि चष्मा काढून म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं नाहीये का?" जावईबापूंनी पण कान उपटले. असा शब्दांचा भडिमार केला की म्हणे ते शोधयंत्र ओळखतं आणि उलट मागे ढकलतं. म्हणजे बघा, त्या यंत्राला लबाडी कळते, आणि माझ्या मेहुण्याला प्रामाणिकपणा कळत नाही!

पंधरा दिवसांनी मी फोनवर शोधलं, तर... पहिला! सगळ्यात वर मी! अहो, मी दुकानात उडीच मारली, डोकं किल्ल्यांच्या बोर्डाला आपटलं, चाळीस कोऱ्या किल्ल्या अंगावर. धावत घरी गेलो, बायकोला म्हटलं, बघ! तिने तिच्या फोनवर शोधलं. पहिल्या पानावर नाही. दुसऱ्या नाही. तिसऱ्या... सापडलो कुठे? नवव्या! नववं पान हो! जावईबापू शांतपणे म्हणाले, "मामा, तुम्ही दिवसातून साठ वेळा स्वतःचीच साईट उघडता. फोनला वाटतं, ह्यांना हेच आवडतं, म्हणून तो तुम्हाला तुम्हीच दाखवतो." म्हणजे आरशात बघून 'गर्दी झाली' म्हणण्यातला प्रकार!

"मग आता?" मी विचारलं. तर म्हणाले, "आता लेख लिहा. लोकांच्या खरोखर उपयोगी पडेल असं काहीतरी. मनापासून लिहा. बघा, पहिल्या पानावर येतो की नाही!"

इथे घात झाला. मनापासून! अहो, मला अर्धवट काही येत नाही, हा माझा दोष. किल्ली घासायची तर शेवटच्या दातापर्यंत, आणि लिहायचं तर... मी लिहिलं, 'किल्ली अडकली? घाबरू नका!' सगळं लिहिलं. तेल घालू नका, धूळ चिकटते. शिसपेन्सिलीची पूड किल्लीला चोळा. दार आपल्याकडे ओढून धरा, किल्ली एक केसभर मागे घ्या, जोर लावू नका, गोंजारत फिरवा. बत्तीस वर्षांची विद्या ओतली, आणि तळाशी माझं नाव, दुकानाचा पत्ता, फोन नंबर.

आलो. पहिल्या पानावर आलो! बायकोच्या फोनवर, शेजारणीच्या फोनवर, न्हाव्याच्या फोनवर, सगळीकडे पहिल्या पानावर! लेख अकरा हजार लोकांनी वाचला. गिऱ्हाईकं आली किती? दोन. त्यातला एक हस्तांदोलन करायला, दुसरा पेन्सिल आहे का विचारायला!

फोन मात्र दिवसभर. एक आजीबाई, "बाळा, उघडलं रे कुलूप! शंभर वर्षं जग!" म्हटलं, जगतो, पण खाऊ काय? मग एक घाईतले साहेब, "हॅलो, पूड चोळली, उघडलं, थँक्यू, ठेवतो!" आणि एक तर इतके चिकट, "लेखात कुठली पेन्सिल ते स्पष्ट नाही, माझ्याकडे रंगीत आहेत, चालतील का?" घरात आनंद असा की सांगायची सोय नाही. बायको म्हणाली, "तुम्ही इतकं छान समजावता हे लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर मला फोनवर वाचून कळलं."

आणि सहा महिने संपले. शेवटच्या दिवशी मेहुणा दुपारी माप घ्यायला येणार होता. मी म्हटलं, असं का? मुद्दाम शटरला वडिलांच्या वेळचं सात लिव्हरचं कुलूप घातलं आणि घरी जेवायला गेलो. मेहुण्याकडे दुसरी किल्ली आहे, असू दे! ते कुलूप इतकं नाठाळ की माझ्याशिवाय कुणाच्या हाताला वळत नाही. झक मारत मला फोन करेल, मी येईन, दोन बोटांत उघडीन, आणि म्हणेन, बघ, कव्हरवाला हे करेल का? वाक्य पाठसुद्धा केलं होतं हो.

जेवलो. फोन नाही. बडीशेप खाल्ली. फोन नाही. शेवटी राहवेना, गेलो... तर शटर सताड उघडं! मेहुणा आत, हातात टेप, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल बघितली आणि पाठ केलेलं वाक्यच विसरलो. "भाऊजी!" तो म्हणाला, "काय लेख सापडला म्हणून सांगू! पूड चोळली, गोंजारलं, दुसऱ्या मिनिटाला खट्! कुणी लिहिलाय कोण जाणे, पण देवमाणूस!"

मी म्हटलं, "अरे, खाली नाव वाच की!"

"एवढं खाली कोण जातं भाऊजी? कुलूप उघडलं होतं ना!"

रडू आलं मला. खोटं कशाला सांगू, खरंच आलं. त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण नाव वाचून त्याने टेप गुंडाळून खिशात घातली. मग म्हणाला, "भाऊजी, कोपऱ्यातलं टेबल तुमचंच. किल्ल्या करा. आणि कव्हरांच्या वेबसाईटवर लेख तुम्हीच लिहायचे. आपण पहिल्या पानावर यायला पाहिजे!"

आता बसतो कोपऱ्यात. समोर भिंतभर कव्हरं. पहिला लेख दिलाय लिहून, मनापासून लिहिलाय, मला दुसरं जमतच नाही... 'मोबाईल हातातून निसटतो? घाबरू नका! कव्हर न घेता फोन सांभाळण्याचे सोपे उपाय.'

काल बायकोच्या फोनवर बघितलं. पहिल्या पानावर आहे.