बाबालालचा एकच ‘जी’

मंडळी, जरा सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. आज एकच प्रश्न विचारायचाय. यंत्रानं माणसाची जागा घेतली, असं आपण उठसूट म्हणतो. घेतली — की आपणच उठून दिली? घाई नको! उत्तर आत्ता देऊ नका. आधी गोष्ट ऐका.

आमच्या सांगलीकडचा एक शाहीर. केरबा नलवडे त्याचं नाव. वय बासष्ट, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र खणखणीत! आणि त्याच्या पाठीमागं एकतीस वर्षं उभा असलेला त्याचा झीलकरी — बाबालाल मुलाणी. केरबाहून सहा वर्षांनी थोरला, हातात तुणतुणं, डोक्याला हिरवा पटका.

आता झीलकरी म्हणजे कोण, हे पुढच्या रांगेतल्या कॉलेजवाल्यांना सांगावं लागेल. नाहीतर म्हणतील, बुवा कुठल्या नोकरीबद्दल बोलतायत! शाहीर ओळ टाकतो, आणि मागचा माणूस ‘जी जी रं जी’ म्हणत ती उचलून धरतो. तेवढ्यात शाहीर काय करतो? श्वास घेतो! श्वास, मंडळी! शाहिराचा दम कुठं संपतोय हे झीलकऱ्याला त्याच्या पाठीवरून कळतं. लढाईचा ‘जी’ वेगळा, मरणाचा ‘जी’ वेगळा. बाबालालकडं असे किती ‘जी’ होते, ते त्यालाही ठाऊक नसेल.

तर या केरबाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. म्हणाला, “मागच्या काळाचे पोवाडे लई झाले. आता म्होरल्या काळाचा करायचा!” नऊ गाण्यांचा अल्बम, आणि नऊ गाण्यांत मिळून एकच गोष्ट. सन दोन हजार नऊशे नव्व्याण्णव, गाव यंत्रवाडी, आणि त्या गावातला शेवटचा माणूस — भिवा!

पहिलंच गाणं ऐका —

चूल म्हणाली भिवाला, आधी वजन कर,
दोन किलो वाढलंय तुझं, आज उपास धर! जी जी रं जी!

हसा, हसा. केरबानं हसण्यासाठीच लिहिलं होतं. तिसऱ्या गाण्यात भिवाच्या चपला एकट्याच देवळात जातात, दर्शन घेतात, परत येऊन सांगतात, ‘झालं तुमचं, पडा आता.’ पाचव्यात म्हैस पासवर्ड विचारते! सहाव्यात मयताला रडायचं यंत्र आणलेलं, पण ते आदल्या दिवशी लग्नातून आलेलं — तिरडीपुढं सनई सुरू! आठव्यात शिरगणती करणारं यंत्र येतं. भिवा त्याच्यापुढं उभा राहून दोन्ही हात हलवतोय, आणि यंत्र म्हणतं, ‘माणूस आढळला नाही.’

आणि नववं? नवव्या गाण्यात केरबाला कोणी हसायला नको होतं. भिवा म्हातारा झालाय, सगळ्या गावात फिरून हाक मारतोय, ‘कुणी हाय का रं?’ आणि मागून फक्त झील येते. खालच्या सुरात, लांब, थकलेली. बस, तेवढीच ओ! केरबा बाबालालला म्हणाला होता, “आठ गाणी माझी, बाबालाल. नववं तुझं. तू ओ दिलीस तरच त्यो भिवा माणसात मरंल.”  बाबालाल महिनाभर बांधावर बसून तो एक ‘जी’ घोळवत होता. त्याची घरवाली जैतुनबी म्हणायची, “गुरं बिचकत्यात, आता पुरं करा!”

कोल्हापूरला काचेच्या खोलीत रेकॉर्डिंग. बाबालालनं नवा सदरा घातलेला. पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्याला बाबालालला खोकला आला. पुन्हा घेतलं, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा पाणी प्यायला, तरी खोकला! काचेपलीकडचे रेकॉर्डिंगवाले देशिंगकर, सज्जन गृहस्थ, शिव्या देऊ नका त्यांना. त्यांनी केरबाला बाहेर बोलावलं, म्हणाले, “शाहीर, आजोबांना कशाला त्रास? पहिल्या गाण्यातला एक ‘जी’ फार सुंदर आलाय. तोच उचलतो आणि सगळीकडं बसवतो. एक पुरे!”

केरबानं काचेतून बाबालालकडं पाहिलं. बाबालाल तुणतुण्याची तार पुसत होता. मंडळी, इथं थांबा. इथं कुणी बंदूक लावली होती का? यंत्र आलं होतं का तलवार घेऊन? केरबाला वाटलं, स्वच्छ होईल, लवकर होईल, आणि म्हाताऱ्याचा त्रासही वाचेल. दयेपोटीच म्हणाला —

“बसवा.”

एवढंच.

बाबालाल बाहेर येऊन म्हणाला, “माझं नववं राहिलंय न्हवं?”

केरबा म्हणाला, “झालं समदं. तू बस निवांत.”

परतीच्या एसटीत बाबालाल खिडकीकडं तोंड करून बसला. केरबा त्याला उत्साहानं सांगत होता, कसा एका ‘जी’चे चारशे ‘जी’ झाले. सांगत होता! त्याला वाटलं, दोस्ताला बरं वाटेल.

अल्बम फोनाफोनांवर पसरला. गिरणीत, टपरीवर, वरातीत ‘चूल म्हणाली’! आणि नववं गाणं? भिवा रडकुंडीला येऊन हाक मारतो, ‘कुणी हाय का रं?’, आणि मागून चुलीच्या गाण्यातला तोच उड्या मारणारा ‘जी’! लोक पोट धरधरून हसले. सगळ्यांत जास्त हसू नवव्यालाच. केरबा टपरीवर उभा राहून ऐकत होता. एकजण त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “शाहीर, शेवटचं तर कहर केलंय!” केरबानं हातातला चहा तसाच ठेवला आणि बाहेर पडला. त्याला तिथं उभं राहवेना.

मग जत्रेची सुपारी आली. केरबा बाबालालच्या दारात गेला. “चल, बाबालाल. नववं आता खरं म्हणू. लोकांसमोर.”

बाबालाल बाजेवर होता. म्हणाला, “माझा ‘जी’ ने की. तुझ्या खिशात हाय.”

“चिडलास व्हय?”

“चिडू कशाला? खोकत न्हाई त्यो. म्हातारा बी व्हत न्हाई.”

केरबानं दोनदा विनवलं. तिसऱ्यांदा विनवायचं राहिलं, कारण जत्रेवाल्यांची जीप दारात उभी होती. जीप, मंडळी! तुमचीआमची जीप कायम दारात उभीच असते. तो गेला. मंचावर यंत्रातला ‘जी’ वाजला, पण तो केरबासाठी थांबेना! ठरलेल्या वेळी यायचा, ठरलेल्या वेळी संपायचा. केरबाला श्वास पुरेना. चौथ्या गाण्यात डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि लोकांना वाटलं शाहीर सोंग करतोय. टाळ्या पडल्या!

तो खोकला काही साधा नव्हता. श्रावण उलटायच्या आत बाबालालनं अंथरूण धरलं. केरबा धावत गेला. उशाशी बसला आणि डोळे पुसत, डफ न घेता, हळू आवाजात नववं गाणं म्हणू लागला. ‘कुणी हाय का रं?’ म्हणाला, आणि थांबला. वाट पाहिली. बाबालालचे ओठ हलले. आवाज फुटेना. परत म्हणाला. परत ओठ हलले. दोघंही एकमेकांकडं बघतायत, आणि मध्ये काही नाही.

जैतुनबीला ते बघवेना. ती माउली मायेनं उठली आणि फोनवर ते गाणं लावलं. म्हणाली, “ऐका की, तुमचाच आवाज.” आणि त्या खोलीत तो चकचकीत ‘जी’ उमटला.

बाबालालनं कान दिला. कपाळाला आठी पडली. मोठ्या कष्टानं म्हणाला, “कोण... कोण हाय त्यो?”

केरबानं त्याचा हात धरला.

“बरा म्हणतोय,” बाबालाल म्हणाला. “पर तुझ्यासाठी थांबत न्हाई. जपून गा, शाहीर.”

मंडळी, ही शेवटची झील! जाता जाताही त्या माणसाला केरबाच्या श्वासाचीच काळजी. संध्याकाळच्या आत तो गेला. केरबानं पुढं गाण्यासाठी तोंड उघडलं नाही. लोक अजूनही फोनवर नववं गाणं लावतात आणि हसतात. मी स्वतः हसलोय, कुणापासून लपवू?

आता सांगा. जागा घेतली की दिली?

तुमची म्हातारी स्वयंपाकघरातून काही सांगत असते, तेव्हा ‘हं’ कोण म्हणतं? भाऊ वारला की त्याच्या बायकोला हात जोडल्याचं चित्र पाठवता — तेही आधीच तयार, आदल्या मयतातलं! शेजारणीची हाक तीनदा येते, आणि आपण म्हणतो, कुणीतरी देईल ओ. कोण देईल? बाप हो, कोण देईल?

मला उपाय ठाऊक नाही. असता तर पहिल्यांदा केरबाला सांगितला असता. मला एवढंच ठाऊक आहे की मलाही दम लागतो, आणि माझाही श्वास तुमच्याच गळ्यात आहे. म्हणून आता देवाचं नाव घेतो. एकदाच घेणार, आणि थांबणार.

विठ्ठल!

...

थांबलोय मी, मंडळी.