शाल पांघरलेला लॅपटॉप

मंडळी, बसलात? पुढे या, पुढे या! खांबाला टेकून ऐकणाऱ्याला झोप लवकर लागते, हा माझ्याच कीर्तनांचा तीस वर्षांचा अनुभव आहे!

आता प्रश्न ऐका. माणूस भरलेला आहे की रिकामा, हे कळतं कशावरून? चेहऱ्यावरून? आवाजावरून? की तो स्वतः सांगतो त्यावरून? – गजाभाऊ, तुम्ही पेटी वाजवा, माझ्याकडे असं बघू नका! – मंडळी, या प्रश्नासाठी आज पुराणात जायचं कारण नाही. आजच्या आख्यानातला गर्विष्ठ राजा तुमच्यासमोर उभा आहे. फेटा बांधून!

सहा वर्षांपूर्वी मुलीने मला लॅपटॉप दिला. म्हणाली, "बाबा, किती वह्या सांभाळाल? सगळं यात लिहा." लिहिलं! आख्यानं लिहिली, पदं लिहिली, कुठे कुठला विनोद करायचा तेसुद्धा लिहिलं. – हो, हसताय काय? तो मघाचा खांबाचा विनोदही त्यात आहे!

आता ही वस्तू ठेवायची कुठे? देवघरात! शेजारी नंदादीप. दिवा विझू द्यायचा नाही हा आमच्या घरचा नेम. मी म्हटलं, हिचाही चार्जर काढायचा नाही. अखंड तेवत राहू दे! आणि कीर्तनकाराच्या घरात एका गोष्टीला तोटा नसतो – सत्काराच्या शाली! एक चांगली लोकरीची काढली आणि लॅपटॉपला पांघरली. चार्जिंग चालू, वर शाल. हात लावला की गरम लागायचा. मला वाटायचं, काय तेज आहे!

पुढे पुढे तो टेबलावर डुगडुगायला लागला. मी सुताराला बोलावलं. म्हटलं, "टेबल वाकडं केलंस!" त्या बिचाऱ्याने दोनदा पाय तासून दिले. डुगडुगतोच! मग मी खाली उपरणं घडी करून घातलं. अक्कल बघा, मंडळी, अक्कल!

अशात मला इंदूताई राहाटे यांचा फोन आला. खाडीपलीकडच्या गावच्या. यजमान मनोहरराव, एकतीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं त्यांनी. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. बाई म्हणाल्या, "बुवा, गावात सगळे त्यांना ओळखायचे, पण त्यांच्याबद्दल कुणी चार शब्द नीट बोललं नाही. मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही. तुम्ही कीर्तनात सांगाल?" मी म्हटलं, "निश्चिंत राहा!" तीनदा फोनवर बोलल्या त्या. बोलताना रडल्या. मी इकडे भराभर टाइप केलं. ऐकलं का? – टाइप केलं, मंडळी. ऐकलं नाही.

कीर्तनाचा दिवस. दुपारी चारची वेळ. देऊळ गच्च. इंदूताई पहिल्या रांगेत, मांडीवर यजमानांची टपालाची पिशवी. चौरंगावर माझा लॅपटॉप, वायर भिंतीत. पूर्वरंग झाला. उत्तररंगाला उभा राहिलो आणि – वीज गेली! पंखे बंद, माईक बंद. गजाभाऊ पुटपुटले, "बुवा, आटपतं घ्या." मी हसलो. "अहो, बॅटरी आहे! हे बघा – शंभर टक्के!" आणि तो आकडा लोकांकडे वळवून दाखवला. दाखवला, मंडळी! नवरदेवाने अंगठी दाखवावी तसा!

आणि शंभर टक्के आहेत म्हटल्यावर घाई कशाला? आधी मी माझ्या गुरूंबद्दल बोललो. मग त्यांनी माझं कौतुक केलं त्याबद्दल. मग इतरांनी केलं त्याबद्दल. अठरा मिनिटं! मग म्हटलं, "आता वळूया त्या थोर पुरुषाकडे." खाली बघतो तर – पडदा काळा. बटण दाबलं. काळा. जोरात दाबलं. काळाच!

आठवायला गेलो, काही म्हणजे काही आठवेना. मग या तोंडाने काय केलं? ते थांबलं नाही! म्हणालो, "असे हे महादेवराव –" कुणीतरी ओरडलं, "मनोहर!" "– मनोहरराव! खाडीला पूर आलेला, तोंडात टपालाची पिशवी धरून या वीराने पाण्यात उडी घेतली, आणि –"

"नाही हो, बुवा."

इंदूताई उभ्या राहिल्या होत्या. "त्यांना पोहता येत नव्हतं."

देवळात हशा! मीही हसलो, मंडळी, दुसरं काय करणार? पण बाईंकडे बघितलं आणि हसू आटलं. त्यांचे डोळे भरले होते. नवऱ्याची एक आठवण नीट सांगायची होती त्यांना, आणि मी परका वीर आणून उभा केला होता. मी टाळ खाली ठेवले. म्हटलं, "ताई, चुकलं माझं. मला काही येत नाही. तुम्हीच सांगा."

त्या पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या. मग बोलल्या, माईक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

"पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असला की वाईट बातमी, हे सगळ्यांना ठाऊक. तसं कार्ड आलं की हे ते पिशवीत तळाशी ठेवायचे. दारात जाऊन आधी विचारायचे, 'जेवलात का?' नाही म्हणाले, तर म्हणायचे, 'जेवून घ्या, मी बसतो.' ओट्यावर बसून राहायचे. मग कार्ड द्यायचे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचे. घरी यायला उशीर झाला की मी ओळखायची, आज कोपरा फाटलेला होता."

मागून एक म्हातारी उठली. म्हणाली, "माझा धाकटा गेला तेव्हा त्यांनी मला भाकरी खायला लावली होती. त्यानंतर चार दिवस घास उतरला नाही गो." मग आणखी एक जण उठला. मग आणखी एक. तासभर गाव बोलत होतं. मी खाली बसून ऐकलं. माझं आजवरचं सर्वांत चांगलं कीर्तन ते! कारण मी केलंच नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन नसरीनताईंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तरातरा बोललो, "शंभर टक्के होती, वीस मिनिटांत मेली! खोटारडं यंत्र!" त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मला म्हणाल्या, "बुवा, लांब व्हा." बॅटरी फुगलेली! टेबल सरळच होतं, मंडळी – पोट सुटलं होतं ते बॅटरीला! – माझ्या पोटाकडे बघू नका!

म्हणाल्या, "यंत्र खोटं बोललं नाही. घागर समजा. नवी होती तेव्हा अठ्ठेचाळीस लोटे मावायचे. लॅपटॉप तासाला बारा लोटे पितो, म्हणजे चार तास चालायचा. रोज गरम ठेवलात, कायम काठोकाठ भरून ठेवलात, आतून घागर बुजत गेली. आता चार लोटे मावतात. काठोकाठ भरली की तेही शंभर टक्केच! कशाचे शंभर, ते तुम्ही विचारलंच नाही."

मी म्हटलं, "मग आता?"

"बदलायची. कंपनीची मिळाली तर उत्तम. दुसरी घेतलीत तर नंबर आणि व्होल्टेज जुळवून, कधी बनवली ती तारीख बघून. कपाटात पडूनही बॅटरी म्हातारी होते. तेवढ्याच आकारात दुप्पट चालेल म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा. ही फुगलेली दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, माझ्याकडे ठेवा. नवीला चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबायची सेटिंग करून देते. आणि बुवा – शाल तुम्ही पांघरा!"

नवी बॅटरी बसली. छान चालते. पण मंडळी, त्या दिवसापासून एक बोच आहे. घागर फक्त तिची बुजली होती का? तरुणपणी माझ्यात रात्रभराचं आख्यान मावायचं, माणसांची नावं मावायची, त्यांचं रडणं मावायचं. कौतुकाच्या उबेत बुजत बुजत गेलो, आणि मिरवतोय शंभर टक्के!

आता तुमच्याकडे वळतो. सुटका नाही! घरी ज्या माणसाच्या शेजारी जेवता, त्याच्या तीन गोष्टी सांगता येतील? मोबाईलला हात न लावता? कुणाला येतात, हात वर! – बघा, गजाभाऊंचासुद्धा वर नाही, आणि माझ्याबरोबर बावीस वर्षं आहेत!

इंदूताई आज इथे आल्या आहेत. त्या तिथे, तिसऱ्या रांगेत. म्हणून आज एक अक्षर पदरचं घातलं नाही, छाती नाही माझी! त्या दिवशी देवळातून निघताना मी त्यांना विचारलं होतं, "ताई, मनोहररावांची गोष्ट मी गावोगाव सांगू?" म्हणाल्या, "सांगा. पण बुवा, लोक उपाशी असतील तर लांबवू नका."

तेव्हा मंडळी, जेवलात का?

नाही ना? मग पानं मांडा. मी बसतो.