नावातला पक्षी

हॅलो? … हो, मीच, साउ-फुंग. जरा मोठ्याने बोल, इथे शेजारणी माजाँग खेळतायत, सोंगट्यांचा नुसता खडखडाट… कोण, सुत-मुई? अगं, सकाळपासून या फोनपाशीच बसलेय मी! हाँगकाँगहून गावची लाइन लागेल तर शपथ. आईच्या थडग्याचा दगड आला का? …

आला? बसवला पण? … वा. माझं अक्षर कसं उठलंय दगडावर? तीन रविवार घालवलेत मी त्यावर. मांडीवर मांजर बसू दिलं नाही, कुंचला हलेल म्हणून. … का गं? सांग ना. …

हं. … हं. … सरकारच्या त्या नव्या, सोप्या अक्षरांत कोरलं? म्हणजे माझा कागद… दगड कोरणाऱ्या लाउकाकांना दिलाच नाहीस? …

ताई ताई करू नकोस! आईला पुरलं तेव्हा शब्द कोणी दिला होता? ‘दगडावर तुझंच अक्षर, ताई.’ त्या टेकडीवर उभी राहून म्हणालीस. … सगळ्यांचे दगड तसेच असतात म्हणे! ती काय सगळ्यांची आई होती? अगं, आपलं यिप आडनाव तरी आठव. यिप म्हणजे पान. वर गवताचं चिन्ह, खाली झाडाचं. बाबा पाटीवर काढून दाखवायचे. आता काय, एक तोंडाचं चिन्ह आणि शेजारी दहाचा आकडा! पानाचा देठही ठेवला नाही मेल्यांनी. …

कोणी सांगितलं? … आईने? … आई म्हणेल, नव्या अक्षरांत कोरा? रोज सकाळी पंचांग उघडून बसायची ती. आज बी पेरा, आज केस कापू नका… तेव्हा कुठे होती नवी अक्षरं? …

बाबा सांगायचे? आदल्या रात्री? … आणि ती नुसती पानं उलटायची? …

थांब. थांब जरा. सत्तावन्न साली मी इकडे आले, त्यानंतर आई रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकली हे माहीत आहे मला. मला वाटलं, जुनी येत होतीच, आता नवी शिकली. … पहिल्यांदाच? तोवर वाचता काहीच येत नव्हतं? …

मग माझी पत्रं? … अगं, मी सगळी जुन्या अक्षरांत लिहायची! तिचं उत्तर यायचं, ‘पत्र वाचलं, जेवत जा.’ … सुत-मुई, कोण वाचायचं? …

तू.

सगळी? … मी वर लिहायची, ‘फक्त आईसाठी’. … तेही वाचलंस? मोठ्याने? … माझ्या नवऱ्याच्या त्या बाईचं सुद्धा? … हो म्हण ना, घाबरतेस कशाला, आता तोही गेला आणि तीही. …

आणि दर नववर्षाला आम्ही गावी यायचो तेव्हा त्याच्या वाडग्यात कोंबडीची तंगडी तूच वाढायचीस. ‘भावोजी, आणखी घ्या ना.’ मी समोर बसून हसायची. वाटायचं, या टेबलावर माझं दुःख एकट्या आईला ठाऊक आहे. ती टेबलाखाली माझा हात धरायची… आणि तुम्ही दोघी… रडू नकोस. नाही, तू नाही रडायचंस. रडायची पाळी माझी आहे. …

लाज वाटायची तिला? वाचता येत नाही हे मला सांगायची? पोटच्या पोरीला? … अगं, एकदा सांगितलं असतं तर मी नवी अक्षरं शिकले असते! दुकानाच्या पाट्या बघून शिकले असते. …

काय? … नाही, ऐकतेय. … दगडावर मुलींच्या ओळीत माझं नाव कोरलंच नाही? … जागा सोडलीय. माझ्या हातचं हवं म्हणून. बरं सुचलं. … माहीत आहे, जिवंत माणसाचं नाव लाल रंगात, मला नको शिकवूस. … लाउकाका तिथेच उभे आहेत? छिन्नी घेऊन? …

थांबू देत. …

हो, आहे फोनवर. … सुत-मुई, माझ्या नावातला फुंग कसा लिहितात, ठाऊक आहे ना? आत पक्षी असतो. बाबा म्हणायचे, त्याला नीट बसव, उडून जाईल. … हो, नव्यात तो नाही. म्हणूनच सांगतेय. काढून टाक तो पक्षी. … चिडून नाही म्हणत. आईला तो कधी वाचता आलाच नव्हता. … नव्या अक्षरांत कोरायला सांग. … कळलं ना? एवढं एक तरी तिला स्वतःला वाचू दे.

तुला मध्ये न घेता.

ठेवते.