गोलापुढची पांढरी रेघ

मी मूळची रेणापूरची. नाव गोदावरी, पण नांदेडात मला समदे आक्काच म्हणतात, अन् त्याला कारण माझा भाऊ नागनाथ. बारका होता तवा आक्का आक्का करत माझ्या मागं हिंडायचा, ते ऐकून ऐकून गावाला सवय लागली, अन् तेच नाव माझ्यासंगं नांदेडाला आलं. आमच्या बापाची चुन्याची भट्टी होती. नागू चार वर्सांचा असताना माय गेली, मी बारा-तेराची असंन, मग त्याला न्हाऊ घालणं, भाकर चारणं, समदं माझ्याकडंच आलं. काय सांगू तुम्हाला ताई, पुढं मला तीन लेकरं झाली, पण पयलं लेकरू नागूच.

भट्टीतून चुना निघतो तो ढेकळाढेकळानं निघतो. त्याच्यावर पाणी मारलं की तो उकळतो, वाफा सोडतो, फुटतो, अन् पीठ होऊन गार पडतो, त्याला आम्ही चुना इझवणं म्हणतो. बाप म्हणायचा, पोरी, इझवलेला चुना गरीब गाय हाय, न इझवलेला झोपलेला साप, त्याला पाणी दाखवल्याबिगर हातातून सोडू नको. हे म्या शंभरदा ऐकलं होतं. ऐकून काय उपयोग झाला ते सांगते पुढं.

लगीन होऊन नांदेडला आले. आमचे मालक फुटबॉलच्या मैदानावर कामाला, झाडलोट करायची, दगडं येचायची, अन् सामना असला की चुन्याची फक्की टाकून पांढऱ्या रेघा मारायच्या. चुना इझवायचा, चाळायचा अन् टोपलीत भरून द्यायचा, हे माझं. मालकाच्या रेघा अशा सरळ की लोक तारीफ करायचे. तिकडं नागू मोठा झाला, लातूरला दाळ मिलमधी पोती उचलायला लागला, अन् संध्याकाळी फुटबॉल. गोल राखायचा. हात असे लांब की त्याचे दाजी, म्हंजी आमचे मालक, त्याला म्हणायचे, तुला गोलात उभं केलं की दाराला कडी लावल्यावानी होतं.

तवा लातूर नवंनवं जिल्हा झालं होतं. अन् दुष्काळ असा की बोलायची सोय न्हाई, पाऊस दोन साल रुसलेला, नदीत नुसती वाळू, बाया वाळूत झिरे खांदून वाटीवाटीनं पाणी भरून राहिल्या. अन् त्यातच नांदेडला ऑल इंडिया कप भरला. लोक म्हणले, प्यायला पाणी न्हाई अन् ह्यांना खेळ सुचतो. पर बगायला तेच लोक पयले. देशभराचे संघ आले, हैदराबाद काय, नागपूर काय, समदे हारून गेले, अन् शेवटच्या सामन्याला ऱ्हायले कोण, तर नांदेड अन् लातूर. आपलेच दोघं. नांदेडवाले म्हणून राहिले, काल जिल्हा झाला अन् आज कप मागाया आले. लातूरवाले म्हणून राहिले, जिल्हा घेतला तसा कपबी घेऊन जाऊ. हासत बोलायचे, पर डोळ्यात हासू नव्हतं. लोहा गावापासून लोक ट्रका भरभरून येऊन राहिले. मला त्या सकाळपासून बरं वाटंना. वारं गरम, आभाळ धुळीनं पिवळं, अन् आमच्या गल्लीतली कुत्री सावलीतून उठंनात.

आधीच्या सामन्यांत दोन्ही गोलांपुढच्या रेघा पायांनी पुसून गेल्या होत्या, तेवढ्याच नव्या मारायच्या होत्या. कमिटीच्या लोकांनी चुना इझवायला म्हणून मला मोजून दोन घागरी पाणी दिलं. ते घेऊन मी घराकडं निघाले तर शेजारच्या घरी बाळंतीण, तिसरा दिवस, लेकराला पुसायलाबी थेंब न्हाई. तिची सासू दारात उभी. तिनं काही मागितलं न्हाई ताई, नुसतं घागरींकडं बगितलं. मी दोन्ही घागरी तिच्या उंबऱ्यावर ठेवल्या.

मग चुन्याचं काय. तर म्या मनाशी हिशोब केला, भट्टीवाल्याची लेक ना मी. चुना तापतो कशानं, तर पाण्यानं. अन् समद्या मराठवाड्यात पाणी हाय कुठं? आभाळात न्हाई, जमिनीत न्हाई, मग हा साप उठायचा कशानं? म्या ढेकळं मुसळानं कुटली, फडक्यातून चाळली, टोपली भरली. चाळताना घामानं तळहात चुरचुरला. लाल झाला. म्या पदराला पुसला अन् टोपली मालकाच्या हवाली केली. मालक म्हणले, इझवला ना? म्या म्हणलं, हाव.

दुपारी सामना लागला. माणसावर माणूस, झाडावर माणसं, भिंतीवर माणसं. मी बायांच्या कडंला उभी, नागूच्या गोलाजवळ. त्यानं मला बगून हात केला. तापलेल्या मैदानात त्याचं तोंड घामानं निथळत होतं. ढकलाढकली, शिव्या, धूळ. मग एक नांदेडचा पोरगा चेंडू घेऊन सुसाट आला, अन् नागूनं पुढं झेप घेतली. सरळ रेघेवर पडला, तोंडावर. चेंडू त्याच्या अंगावरनं आत गेला अन् समदं मैदान उठून नाचाया लागलं. त्या आवाजात माझा भाऊ वरडून राहिला ते कुणाला ऐकूच जाईना. मला जात होतं.

डोळ्यात पाणी असतं ताई. समद्या मुलखाचं पाणी आटलं हे मला म्हाईत होतं, पर माणसाच्या डोळ्यात पाणी असतं हे मी इसरले.

मैदानातल्या माठात गिलासभर पाणी उरलं होतं, ते कुणीतरी त्याच्या डोळ्यावर ओतलं. मी वरडत होते, थोडं नका टाकू, थोड्यानं तो जास्त पेटतो, घागरीनं टाका. पर घागर कुठली? पळत घरी आले. त्या बाळंतिणीच्या सासूनं उरलेली अर्धी घागर माझ्या डोक्यावर दिली. मी मैदानात परत येईस्तोवर उशीर झाला होता. सरकारी दवाखान्यात उजवा डोळा वाचला. डावा गेला.

भाईर तोवर लोकांनी ठरवून टाकलं होतं, नांदेडवाल्यांनी मुद्दाम इखारी चुना टाकला. दगडं सुटली, गाड्यांच्या काचा फुटल्या, किती जणांची डोकी फुटली. मी एक शब्द बोलले असते तर थांबलं असतं का, कोण जाणे. मी बोललेच न्हाई. रातीला मालकाला खरं सांगितलं. त्यांनी रिकामी टोपली उचलून कोपऱ्यात पालथी घातली. मग म्हणले, ऱ्हाऊ दे, रेघ म्या मारली, शिव्या मला खाऊ दे, तुझं नाव आलं तर तुला म्हायेर ऱ्हायचं न्हाई.

अन् तसंच झालं. दाजीनं नांदेडासाठी आपला डोळा घेतला, असंच नागूनं धरलं. परत आमच्या उंबऱ्याला पाय लावला न्हाई. मालक गेले तवा तिरडीलाबी आला न्हाई. त्या सरळमार्गी माणसावर खोटा आळ, तो घेऊनच ते गेले, अन् मी भाऊ तुटंल म्हणून गप. असं भ्याड काळीज माझं. दर भाऊबीजेला मीच लातूरला जाते. तो पाटावर बसतो, मी ओवाळते, अन् दिवा डाव्या बाजूला गेला की त्याला दिसत न्हाई, तो मान वळवून दिव्याला हुडकतो. तीसेक वर्सं बगून राहिले मी ते.

आता त्याच्या उजव्या डोळ्यावरबी सारा, म्हंजी पडदा, आलाय, अक्षर दिसत न्हाई म्हणतो. म्हणून लिवायला अन् वाचायला तुम्हाला बोलावलं. माझ्या तोंडून त्याच्यासमोर निघत न्हाई, दरसाल ठरवते अन् गिळून परत येते. तुम्ही लिवलंय ते माझ्यासंगं लातूरला येऊन त्याला वाचून दाखवा, एक अक्षर गाळू नका, बाळंतिणीचं सांगताना माझी बाजू घेऊ नका. देव त्याचा ऱ्हायलेला उजेड राखो. तुम्ही वाचा, मी समोर ताट घेऊन बसते. ओवाळून घ्यायचं का न्हाई, ते त्याला ठरवू द्या.